परत येण्याचं कारण

आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला ज्यांचा गोठा आहे, त्या आक्का आयुष्यात एका रात्रीपेक्षा जास्त कुठं राहिलेल्या नव्हत्या. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न कुरुंदवाडला होतं, तेव्हा सकाळची धार काढून त्या एसटीनं गेल्या, अक्षता टाकल्या, पंगतीत दोन घास घाईनं खाल्ले आणि संध्याकाळच्या धारेला परत गोठ्यात हजर. भाऊ रुसला. त्यावर आक्कांचं म्हणणं असं, "तो रुसंल, चार दिसांनी बोलंल. म्हस रुसली की आटती." अशा बाईला एका परदेशी व्हिसा ऑफिसानं कळवलं, की मुदत संपल्यावर तुम्ही आपल्या घरी परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही.

ते पत्र आक्कांच्या मुलीच्या मेलवर आलं आणि तिनं ते माझ्या मोबाइलवर पाठवलं. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, पण गल्लीतला कुठलाही अवघड कागद अजून माझ्याच दारी येतो. देशाचं नाव मी इथं मुद्दाम घेत नाही. उद्या आमच्यातल्याच कुणाचा अर्ज पुन्हा तिथं जायचा असेल, उगाच कशाला विषाची परीक्षा.

मी गोठ्यात उभी राहून ते पत्र मराठीत सांगितलं. आक्का आधी हसल्या. मग दुधाची कासंडी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "म्हंजी मी तितंच राहनार, असं म्हन्त्यात व्हय?" मी मान हलवली. "मग म्हशी कोन बगंल?" असं त्या मला विचारत होत्या, जणू त्या ऑफिसातला साहेब मीच. नंतर त्या म्हशीकडे वळल्या. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचं खरं कारण वेगळंच होतं. तो अर्ज मी भरला होता.

आक्कांची मुलगी माझी विद्यार्थिनी. हुशार पोरगी, इंजिनिअर झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर तिकडे गेली. पहिलं बाळंतपण तिचं तिनंच निभावलं. नवऱ्याची रजा संपली की दिवसभर घरात ती आणि ते तान्हं. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना ती बाळाला न्हाऊ घालायला बसली आणि तेल लावलेलं अंग हातातून निसटेल या भीतीनं रडायलाच लागली. इकडे आक्का मोबाइलच्या काचेवर हात ठेवून "मान धर, मान धर" म्हणत होत्या. मी शेजारीच होते. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की दुसऱ्या खेपेला काही झालं तरी आपण तिथं असायचं. आता दुसरी खेप आली होती. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, सगळं निवडून डबे भरून ठेवलं होतं.

अर्ज भरताना आक्का माझ्यासमोर पाय दुमडून बसल्या होत्या. मालमत्ता काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "लिव्हा, सगळं पोराच्या नावावर केलंय. मालक गेल्यावर माझं नाव लागलंतं, त्येचं बी हक्कसोड करून दिलं. पोरीचं लगीन झालं, सून चांगली हाय. कशात जीव अडकलेला न्हाय. आता मी मोकळी." हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्याकडे बाईनं साठीकडे येताना असं म्हणता येणं म्हणजे संसाराची परीक्षा पहिल्या वर्गात पास होणं. मीही कौतुकानं लिहिलं. मालमत्ता: नाही. अवलंबून असलेल्या व्यक्ती: कोणी नाही. व्यवसाय: गृहिणी. वर मोठ्या ऐटीत एक ओळ जोडली, की अर्जदार सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त आहेत.

आता कपाळावर हात मारून घेते. आपल्या दृष्टीनं जी मोकळी, ती तिकडच्या साहेबाच्या दृष्टीनं दावं नसलेलं जनावर. जमीन नाही, नोकरी नाही, मागं कुणी नाही; मग ही बाई परत कशाला येईल? चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणून मी त्या ऑफिसावर आठ दिवस चरफडले. पण फाशीचा दोर मीच स्वच्छ अक्षरात लिहून पाठवला होता.

मुलीनं मात्र हातपाय गाळले नाहीत. तिच्या गावात आपल्या लोकांचं एक मंडळ आहे, गणपती बसवण्यापुरतं आणि संक्रांतीला तिळगूळ वाटण्यापुरतं. तिनं तिथं विचारलं तर आठ-दहा घरांतून एकच रड. आईला नाकारलं, सासऱ्यांना नाकारलं, बापाला लेकीच्या लग्नाला येता आलं नाही. मग ही पोरं त्यांच्या भागातून निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीकडे गेली. आईवडिलांना भेटीसाठी येण्याचे नियम जरा सुटसुटीत करा, एवढंच मागणं. तो भला माणूस होता, सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "तुम्ही लोक किती आहात?" त्यांच्या मागच्या जनगणनेचा आकडा त्याच्या पुढ्यातच होता. त्या भागात मराठी बोलणारे म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यांसाठी सभागृहात उभं राहून काय बोलणार?

गणपतीला हॉल भरून माणसं होती, आणि कागदावर कोणी नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, की भाषेच्या रकान्यात निम्म्यांनी हिंदी लिहिलं होतं, कारण "मराठी म्हटलं तर त्यांना कुठं कळतंय." उरलेल्यांनी इंग्रजी, कारण पोरं घरात इंग्रजी बोलतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण त्याच वर्षी तिकडे नवी जनगणना होणार होती. मुलगी फोनवर म्हणाली, "बाई, आम्ही सांगून लोक ऐकत नाहीत, वेळ नाही म्हणतात. आयांनी सांगितलं तर ऐकतील."

आक्कांना जनगणना म्हणजे काय हे मी समजावू लागले. मीही आमच्या इथल्या मागच्या खेपेला प्रगणक होते, शाळेतल्या सगळ्यांनाच ते काम असे. समजावता समजावता मी एक गोष्ट कबूल केली. शिरोली एमआयडीसीकडे एका खोलीत फाउंड्रीतले कामगार राहत होते, परगावचे. मी दुपारी गेले तेव्हा सहा जण झोपले होते. मी सहा लिहिले. नंतर चहाच्या गाड्यावर कळलं, की त्या खोलीत बारा जण राहतात. सहा कामावर असतात तेव्हा सहा झोपतात, अंथरुणं तीच. परत जाऊन दुरुस्त करायला हवं होतं, पण ऊन होतं, पाय दुखत होते, मी गेले नाही.

आक्का म्हणाल्या, "म्हंजी ती सहा मानसं तुमच्या कागदात जेवलीच न्हाईत."

मी खाली मान घातली. खरं म्हणजे याहून मोठी चूक माझ्या पोटात होती आणि ती मी त्या दिवशी सांगितली नाही. त्याच जनगणनेत मी आक्कांच्याही घरी गेले होते. मालक ओट्यावर बसले होते. बायको काय काम करते, असा प्रश्न मी त्यांना विचारला. ते म्हणाले, "ती? काय न्हाय, घरीच असती." मी लिहिलं, काही काम करत नाही. आणि जाताना गोठ्यातून लिटरभर दूध घेऊन गेले, आक्कांनी नुकतंच काढलेलं, अजून फेस न बसलेलं. व्हिसाच्या अर्जात 'गृहिणी' लिहिताना मी तीच चूक दुसऱ्यांदा केली होती. पहिल्या चुकीनं आक्कांचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून मला ती कधी बोचली नव्हती.

त्यानंतर आक्कांनी जे केलं ते मला माझ्या सगळ्या नोकरीत जमलं नसतं. संध्याकाळी त्यांच्या गोठ्यापुढच्या कट्ट्यावर माणसं धारोष्ण दूध प्यायला येतात. तिथं पलीकडच्या कॉलनीतलं एक जोडपंही येई. नवरा वारणानगरला कारखान्याच्या ऑफिसात होता, निवृत्त होऊन इथं आलेला. त्यांचा मुलगा तिकडेच असतो. त्यांनी दोनदा जायची तयारी केली आणि दोन्ही वेळा सगळ्यांना सांगितलं, की तब्येतीमुळे रद्द केलं. व्हिसा नाकारला हे आमच्याकडे ठरलेलं लग्न मोडल्यासारखं लपवतात. आक्कांनी ग्लास त्यांच्या हातात दिला आणि अख्ख्या कट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, मला नाकारलं. म्हन्त्यात, परत जानार न्हाय तू. तुमास्नी किती डाव नाकारलं?"

साहेब ग्लासात बघत राहिले. मग त्यांची बायकोच म्हणाली, "दोनदा." आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. कट्ट्यावरचा तिसराच एक माणूस म्हणाला, की त्याच्या बहिणीलाही नाकारलंय. आठवड्याभरात माझ्या व्हरांड्यात बसायला सतरंज्या कमी पडल्या. उदगावची एक म्हातारी आली, जयसिंगपूरहून दोघं आले. सगळे खालच्या आवाजात बोलायचे, आणि आक्का म्हणायच्या, "जोरात बोला की. चोरी केलीया व्हय?"

पोरांना फोन लावायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. प्रत्येक आईला शेजारी बसवायचं, फोन लावायला लावायचा आणि काय बोलायचं ते आक्कांनी सांगायचं. त्यांचा मजकूर ठरलेला होता. "जेवलास का? बरं. मोजायचा कागद आला की भाषा मराठी लिव्ह. न्हाय लिव्हलंस तर दिवाळीचा डबा बंद." मी भाषेच्या अस्मितेवर एक सुरेख परिच्छेद लिहून काढला होता, तो कुणी वाचला नाही. चकलीच्या धाकानं काम झालं.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी एका शहाण्यानं सल्ला दिला, की जमीन पुन्हा तीन महिन्यांपुरती नावावर करून घ्या, कागद भारी दिसेल. आक्का म्हणाल्या, "न्हाय. दिल्यालं दिलं. हाय ते लिव्हा." मग मी पहिल्यांदाच त्यांना नीट विचारलं, की दिवसभरात तुम्ही काय काय करता. तीस वर्षं मी त्या बाईकडून दूध घेत होते आणि हे विचारलं नव्हतं. पहाटे साडेचारला उठणं, शेण काढणं, वैरण, पेंड, धार, दूध डेअरीला पोचवणं, भारा आणायला रानात जाणं, पुन्हा धार, कट्टा. कोणती म्हैस कधी माजावर येणार ते तोंडपाठ. डेअरीनं दाखला दिला, की या बाई गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ स्वतः दूध घालतात. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं, दूध व्यवसाय. परत येण्याचं कारण काय, या प्रश्नाला आक्कांनी जे सांगितलं तेच मी त्यांच्या शब्दांत पाठवलं. सून तीन महिने धार काढील. त्याच्या पुढं गेलं तर म्हशी तिच्या होतील, माझ्या राहणार नाहीत. सोबत मुलीच्या मंडळाचंही पत्र जोडलं.

आणि व्हिसा आला. मंडळाच्या पत्रानं आला, डेअरीच्या दाखल्यानं आला की त्या दिवशी साहेबाचा मूड चांगला होता, ते मला ठाऊक नाही. मी देवापुढे साखर ठेवली, एवढं खरं.

मग म्हशींची तयारी सुरू झाली. म्हैस हात ओळखते, अंगाचा वास ओळखते, परक्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून सुनेनं सासूचं न धुतलेलं लुगडं अंगाभोवती गुंडाळून धारेला बसायचं. पहिले चार दिवस मोठ्या म्हशीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पाचव्या दिवशी फसली. जायच्या दिवशी आक्कांनी सुनेला तीन लुगडी न धुता काढून दिली आणि बजावलं, महिन्याला एक.

तिकडून त्यांचा रोज फोन यायचा. सून मोबाइल म्हशीच्या कानाला लावायची, आक्का तिकडून "हुर्र" करायच्या आणि म्हैस खरोखर मान वळवायची. नातीचा जन्म सुखरूप झाला. पहिल्या दिवसापासून न्हाऊमाखू आक्कांच्या हातचं. मुलीनं एकदा मला त्याचा व्हिडिओ पाठवला. पाय लांब करून बसलेल्या आक्का, पायांवर पालथं घातलेलं बाळ, आणि शेजारी मुलगी स्वस्थ झोपलेली, तोंड थोडं उघडं. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला सांगता येणार नाही.

तिकडची जनगणनाही आक्का तिथं असतानाच झाली. मुलगी कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होती आणि आक्का मागं बाळ घेऊन उभ्या. सगळ्यांपुढे मराठी लिहून झालं. बाळाच्या भाषेपाशी मुलगी थांबली आणि म्हणाली, "आई, ती अजून बोलत नाही." आक्का म्हणाल्या, "रडती की. कंच्या भाषेत रडती ते मला कळतंय. लिव्ह मराठी."

मुदत संपत आली तेव्हा मुलगी गयावया करू लागली. रीतसर अर्ज करून अजून काही महिने राहता येतं, चोरीमारी काही नाही, असं ती म्हणाली. मलाही तिनं फोन केला, "बाई, तुम्ही सांगा ना तिला." मी सांगून बघितलं. आक्का म्हणाल्या, "बाई, मी कागदावर लिव्हून दिलंय तीन महिनं. वारनानगरवाल्या साहेबांचा अर्ज आता तितं पडलाय. मी एक दीस जरी जादा ऱ्हायलो, तर तितला साहेब म्हन्नार, बगा, ह्या बायका अशाच." मग आवाज जरा बारीक करून म्हणाल्या, "नात बोट सोडत न्हाय हो माजं. तरी बी येतो." त्या रडत होत्या. मुदत संपायला दोन दिवस असताना त्या कोल्हापुरात उतरल्या.

तिकडचे नियम लगेच बदलले, असं काही झालेलं नाही. त्या लोकप्रतिनिधीनं नव्या मोजणीचा आकडा आला की विषय मांडतो, असा शब्द दिला आहे. वारणानगरचं जोडपं अजून वाट बघतं आहे, पण आता तब्येतीचं कारण सांगत नाही.

आक्का आल्या त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. मोठी म्हैस त्यांच्यावर चांगलीच रुसली होती, आधी एक लाथ घातली, मग पान्हा सोडला. गिऱ्हाईक पांगल्यावर मी तिथंच पाटावर बसले. आपल्याकडचीही जनगणना आता यायची आहे, गल्लीत तीच चर्चा होती. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर मग कधीच नाही.

"आक्का, मागच्या खेपेला तुमच्या घरी माणसं मोजायला मीच आले होते."

"व्हय की."

"तुमच्या मालकांना मी विचारलं, बायको काय काम करते. ते म्हणाले, काही नाही, घरीच असते. मी तसंच लिहिलं."

धार थांबली नाही. त्याच लयीत आक्का म्हणाल्या, "ठावं हाय मला. मी हितंच हुतो, ह्या म्हशीच्या आयची धार काडत. समदं ऐकलं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"तुमी मला कुटं इचारलं?"

मी म्हटलं, "आणि तरी व्हिसाचा अर्ज भरायला माझ्याकडंच आलात?"

"अक्षर चांगलं हाय की तुमचं," आक्का म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या आणि टोमणाही मारत नव्हत्या. ग्लास भरून त्यांनी माझ्या हातात दिला आणि हात पदराला पुसला. "आता नवीन कोन मोजाय येतील, त्यांच्यासंगं तुमी बी या. सांगायचं ते मी सांगतो. मला वाचाय येत न्हाय. त्यांनी काय लिव्हलं, ते तेवढं मला वाचून दावा."